ओला दोर, बावीस हात

खरगपूर
२० नोव्हेंबर १९८५

ताई,

दिवाळीला आलो नाही म्हणून तू रागावली असशील, आणि राग दाखवायचा नाही म्हणून चिवडा पाठवला असशील. चिवडा पोचला. वसतिगृहातल्या चौघांनी तो एका बैठकीत संपवला आणि आता विचारतात, तुझ्या बहिणीचं गाव कुठं आहे. रामाकोना म्हटलं तर कोणाला कळत नाही. मग सांगतो, नागपूरहून छोट्या गाडीनं जायचं, चहा दोनदा थंड होईपर्यंत.

एक काम आहे, हसू नको. माझ्या प्रबंधात एक उदाहरण हवं आहे आणि सरांना ते पुस्तकातलं नको, खरं हवं. मला आपली विहीर आठवली. बाबांची आणि तुझ्या सासरची मिळून एक विहीर, काठावर दोन मोटरी, दोन बाजूंना संत्र्यांचे दोन बगीचे. रोज सकाळी पाणी किती आहे एवढंच मला कळवायचं. दोराला दगड बांधून तळाला टेकवायचा, वर ओढायचा आणि ओला झालेला दोर मोजायचा. महिन्याचे आकडे एका अंतर्देशीय पत्रात मावतील. बाबांना सांगितलं तर ते दोन दिवस मोजतील आणि तिसऱ्या दिवसापासून अंदाजे लिहितील, तुला ठाऊकच आहे.

करशील ना?

गुणवंता


रामाकोना
५ डिसेंबर १९८५

गुणवंता,

इतकी वर्षं शिकलास आणि शेवटी विहिरीतच डोकावलास. आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुहा भाऊ इंजिनेर होऊन राहिला का पाणक्या?" सासूला हसू आलं म्हणजे परवानगी मिळाली, म्हणून परवापासून मोजते आहे. सकाळी सगळ्यात आधी विहिरीवर जाते. आज ओला दोर पंचवीस हात. खाली बाकीचे आकडे आहेत.

पाडव्याला तू नव्हतास. दरवर्षीसारखी दोन्ही घरं विहिरीवर बसली, काठावरच जेवली, आणि बहाराचं बोलणं झालं. तीन वर्षं बाबांचा आंबिया बहार झाला, आता तीन वर्षं आमचा, बाबांकडे मृग. मामाजींनी लावलेली एकशे चाळीस झाडं या वर्षी भरात आली आहेत. सासऱ्याला मी इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. रोज एकेका झाडाला हात लावून येतात. तुझे भाऊजी तर आत्ताच पांढुर्ण्याच्या मंडईत कोणाकोणाला माल दाखवायचा ते ठरवून राहिले आहेत.

तुला आठवत नसेल, तू आठ वर्षांचा होतास. माझं लग्न याच विहिरीवर ठरलं. त्याआधी पाळीवरून भांडण होऊन दोन्ही घरांत सात वर्षं बोलणं नव्हतं. मामाजी म्हणाले होते, "पोरगी द्या, पाळी मोडनार नाई." बाबांनी दिली. म्हणून मी त्या विहिरीचं पाणी मोजायला लाजत नाही, माझाही तिच्यावर हक्क आहे.

स्वेटर घालत जा. आई असती तर तिनंही हेच लिहिलं असतं.

वच्छला


खरगपूर
२६ डिसेंबर १९८५

ताई,

तुझे आकडे सरांना दाखवले. म्हणाले, इतकी नेटकी नोंद आमच्या प्रयोगशाळेत होत नाही. तुझी छाती फुगू दे.

तू विचारशील, यात शिकण्यासारखं काय आहे. सांगतो, बरोबर समजलो की नाही तूच तपास. आंबिया घेणारा डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतो, म्हणजे ताण देतो. पानं मलूल झाली की जानेवारीच्या शेवटी पाणी सोडतो, फूल येतं, आणि मग पावसाळ्यापर्यंत त्याला भरपूर पाणी लागतं. मृग घेणाऱ्याचा ताण मे महिन्यात. त्याचं फूल पावसावर येतं, त्याला विहीर लागते ती दिवाळीपासून माघापर्यंत. म्हणजे एकाला पाणी हवं तेव्हा दुसऱ्याचं भागतं. आपल्या आजोबांनी हे कोणत्याही समीकरणाशिवाय शोधलं होतं.

आता माझं गणित. विहीर एक, खेळाडू दोन. दर घडीला प्रत्येकानं ठरवायचं, मोटर किती चालवायची. एकानं घेतलेलं पाणी दुसऱ्याचं कमी होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहून आपली चाल बदलतो. झाडाचा हिशेब सरळ रेषेत जात नाही. पाणी दुप्पट दिलं म्हणून संत्री दुप्पट येत नाहीत, आणि ताण आठ दिवस वाढवला तर फूल वाढतं पण वीस दिवस वाढवला तर सरपण होतं. यात सगळ्यात चांगली चाल कोणती, हे काढायचं. उत्तर गमतीचं येतं. मोटर एकतर पूर्ण बंद, नाहीतर पूर्ण चालू. मधलं काही नाही.

समज, ही आपली गोटमार आहे. नदीत झेंडा एक, या काठावरून पांढुर्णा दगड मारणार, त्या काठावरून सावरगाव. समोरचा कधी पुढं येणार हे ज्याला आधी कळलं त्याचं काम झालं.

म्हणून एक विचारतो. मामाजी ताण तोडून पाणी नेमकं कोणत्या तारखेला सोडणार? मला तारीख हवी.

गुणवंता


रामाकोना
१४ जानेवारी १९८६

गुणवंता,

तीळगूळ वेगळा पाठवला आहे. पोस्टमननं खाल्ला नाही तर मिळेल.

तुझं गणित भाऊजींना वाचून दाखवलं. "पूर्ण बंद नाहीतर पूर्ण चालू" ऐकून ते म्हणाले, "हे सांगाले खरगपूरले जा लागते काय?" मला तुझा अभिमान वाटला तरी हसू आवरलं नाही. पण गोटमारीचं मला पटलं नाही रे. गोटमार वर्षातून एक दिवस असते. दुसऱ्या दिवशी ज्याचं डोकं फुटलं तो ज्यानं फोडलं त्याच्या दुकानात सौदा घ्यायला जातो. विहिरीवर आम्हाला रोज जायचं असतं.

तारीख विचारलीस. आज मामाजींनी दुपारच्या उन्हात पानं पाहिली. म्हणाले, "अजून बारा दिवस." म्हणजे सव्वीस तारीख. शाळेत झेंडावंदन होईल आणि इकडे मोटर सुरू. आज ओला दोर बावीस हात.

एक नवल सांगते. बाबांनीसुद्धा डिसेंबरापासून झाडांचं पाणी तोडलं आहे. मृगाची फळं झाडावर असताना! विचारलं तर म्हणाले मोटर नादुरुस्त आहे. भाऊजी दुरुस्त करायला जातो म्हणाले तर नको म्हणाले. म्हातारपणी माणूस आळशी होतो, दुसरं काय.

वच्छला


रामाकोना
२० मार्च १९८६

गुणवंता,

दोन महिने नुसते आकडे पाठवले, शब्द लिहायला मन झालं नाही. आता लिहिते.

एकवीस जानेवारीला पहाटे बाबांची मोटर सुरू झाली. नादुरुस्त नव्हतीच. त्यांनी मृगाची कच्ची फळं उतरवून टाकली होती आणि आपला आंबिया धरला होता, आमच्या पाळीत. आम्ही सव्वीसला पाणी सोडलं तोवर विहीर चार हात उतरली होती. फूल दोन्हीकडे आलं. मामाजी काठावर उभे राहून पलीकडची पांढरी झालेली झाडं पाहत होते. त्या दिवसापासून या घरात विहिरीचं नाव माझ्यासमोर कोणी काढत नाही, मी आत आले की बोलणं थांबतं.

मी बाबांकडे गेले. म्हटलं, बाबा, हे काय केलं? म्हणाले, "पानी दोघायले पुरते. मी बिनाहिशेबाचं काई केलं नाई." बाबांना हिशेब कधीपासून येतो? कोणीतरी त्यांना भरवलं आहे. ते तुझं ऐकतात. तू लिही, मोटर निम्मी चालवा म्हणावं. मी सांगायला गेले तर ते चिडतात, मुलगी आता त्या घरची झाली म्हणतात.

आज ओला दोर अकरा हात. बारीक फळं धरली आहेत, हरभऱ्याएवढी.

वच्छला


खरगपूर
४ एप्रिल १९८६

ताई,

तुझं पत्र मिळालं. या महिन्याच्या शेवटी मला विभागात प्रबंधाचं एक प्रकरण मांडायचं आहे, त्यात बुडालो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. बाबांना लिहीन. तू जास्त मनावर घेऊ नको. माझ्या हिशेबानं विहीर पंधरा जूनपर्यंत पुरायला हरकत नाही, आणि तोवर पाऊस येतो.

आकडे पाठवणं मात्र थांबवू नको. आत्ताचे सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

गुणवंता


रामाकोना
१२ मे १९८६

गुणवंता,

विहीर संपली. सहा तारखेला दगड वर आला तो चिखलानं माखलेला. दोर एक हात ओला, तोही गाळानं. दोन्ही मोटरी बंद आहेत. आमच्या झाडांखाली लिंबाएवढ्या फळांचा सडा पडला आहे, ती उचलून बांधावर टाकायचं काम मी आणि आत्याबाई करतो. वरच्या अंगाच्या झाडांची पानं आता संध्याकाळीही सरळ होत नाहीत. बाबांची झाडं उताराला आहेत, ओल धरून आहेत, निम्मी तरी वाचतील.

दुसरी गोष्ट. मामाजींना आकड्यांची वही सापडली. मी लपवली नव्हती, चुलीमागच्या फळीवर उघडी होती. त्यांनी पानं उलटली. रोजचं पाणी, आणि जानेवारीच्या पानावर माझ्या अक्षरात "मामाजी २६ ला पाणी सोडणार". मग भाऊजींना विचारलं, "हे कोनाले लिहून राहिली होती ते?" भाऊजी म्हणाले, तिच्या भावाला, शिक्षणासाठी. मामाजी म्हणाले, "भावाले का बापाले?"

मी सांगितलं, शपथ घेतली. पण सून माहेरी विहिरीचं माप पुरवत होती, एवढंच गावात पोचलं आहे. आता पाणी आणायला मला एकटीला पाठवत नाहीत, आत्याबाई सोबत येतात. मी गावात मान वर करून चालत नाही.

तुला एकच विचारते. यातलं तुला काही माहीत आहे का?

वच्छला


खरगपूर
२४ मे १९८६

ताई,

तुझं पत्र वाचल्यापासून मी सगळे हिशेब पुन्हा केले आणि चूक सापडली. चूक मापात आहे. तू ओला दोर हातानं मोजत होतीस, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. मी एक हात म्हणजे दीड फूट धरला, सगळीकडे तसाच धरतात. पण तुझा हात दीड फूट नसणार. मोटर किती पाणी ओढते ते मी तिच्या पाटीवरून घेतलं, ते बरोबर होतं. विहिरीत मुळात पाणीच कमी होतं, आणि कागदावर ते जास्त दिसत होतं. बावीस हातांवर तीन-चार फुटांचा फरक पडला असेल.

मी विहीर पुरेल असं म्हणत होतो ते त्यामुळे. यात कोणाचा दोष नाही, तुझाही नाही. मामाजींना असं समजावून सांगितलंस तर त्यांना पटेल की हा केवळ मोजण्यातला घोटाळा आहे.

गुणवंता


रामाकोना
९ जून १९८६

गुणवंता,

समजावून सांगितलं.

मामाजींनी शेजारच्या मास्तरांकडून पट्टी आणवली. अंगणात पाट मांडला आणि मला त्यावर हात ठेवायला सांगितलं. आत्याबाई, भाऊजी, मास्तर, पाटाभोवती सगळे. कोपरापासून बोटापर्यंत साडेपंधरा इंच भरला. मास्तर म्हणाले, हो, अडीच इंच कमी आहे. मामाजींनी एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आत गेले. भाऊजी रात्री म्हणाले, "तुह्या हातानंच झालं म्हनजे." ते रागानं नाही बोलले, थकून बोलले.

त्रेपन्न झाडं गेली. काल गाडीत भरून सौंसरला सरपणाला नेली. मी दारात उभी होते. ओल्या लाकडाला अजून संत्र्याचा वास होता.

वच्छला


खरगपूर
२८ जून १९८६

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. नको, ठेव. ते मीच लिहिलं हे मला विसरता येऊ नये.

हाताचा फरक खरा आहे, पण तो मी पुढं केला कारण त्याच्या मागं मला लपता येत होतं. तू पाटावर हात ठेवलास हे वाचलं आणि मला इथं कोणाच्या समोर बसवेना. त्याच हातानं तू मला आठ वर्षं जेवू घातलंस. तो किती लांब आहे हे जगात कोणाला माहीत असेल तर मला. आणि मी कागदावर दीड फूट लिहिलं, कारण मला तो हात दिसतच नव्हता, आकडा दिसत होता.

आता खरं. बाबांना भरवणारा मी आहे. तुझे पहिले आकडे आले तेव्हा गणितानं सांगितलं की पाळी मोडून जो आधी मोटर सुरू करील तो जिंकेल, आणि समोरच्याची तारीख ज्याला ठाऊक तो हमखास जिंकेल. मला ते खरं होताना पाहायचं होतं. मी बाबांना लिहिलं की यंदा आंबिया धरा. तुझ्याकडून तारीख काढून घेतली आणि त्यांना कळवली. एकवीस हा दिवस माझा होता. बाबा व्याह्याच्या पाळीला हात लावायला तयार नव्हते. मी लिहिलं, पाणी दोघांनाही पुरतं, शास्त्र सांगतं. मुलगा शास्त्र शिकतो म्हणून त्यांनी मान्य केलं.

आणि याच्याही खालचं सांगतो. पाणी दोघांना पुरतं हे मला कधी दिसलंच नव्हतं. दीड फुटाचा हात धरूनसुद्धा माझ्या कागदावर मेच्या मध्यानंतर तुमची बाजू कोरडी पडत होती. ते मी पाहिलं होतं. कागदावर तुमचं नाव नव्हतं, "दुसरा खेळाडू" होतं. दुसऱ्या खेळाडूचं नुकसान इतकं, अशी एक ओळ होती. ती वाचून मी बाबांना "दोघांनाही" हा शब्द लिहिला.

मार्चपर्यंत तू विहीर उतरते आहे असं लिहीत होतीस आणि मी तुझे आकडे माझ्या रेषेवर ठेवून पाहत होतो. जुळत होते. मला आनंद होत होता, ताई. एप्रिलच्या शेवटी विभागात मी ते मांडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तुमच्या झाडांची फळं गळायला लागली असतील.

या गणिताला शेवटचा दिवस लागतो. मी पंधरा जून धरला होता. त्या दिवशी हिशेब बंद, जो पुढं असेल तो जिंकला. सोळा जूनला तुम्ही एकमेकांना काय तोंड दाखवाल हे विचारायला त्यात जागा नव्हती. तू संक्रांतीलाच लिहिलं होतंस, विहिरीवर रोज जायचं असतं. मी त्यावर हसलो होतो.

मला लाज वाटते. हे मी याआधी कोणाला म्हटल्याचं आठवत नाही. ते प्रकरण प्रबंधातून काढून टाकतो. तू सांगशील ते करीन. मामाजींना मी पत्र लिहू का?

गुणवंता


रामाकोना
१७ जुलै १९८६

गुणवंता,

मला चैत्रापासून माहीत आहे.

बाबांना ताप आला होता म्हणून मी दोन दिवस तिकडे गेले होते. त्यांची पांघरुणं उन्हात टाकताना उशीखाली तुझं पत्र सापडलं. "व्याह्यांची वाट पाहू नका. एकवीसला पहाटे सुरू करा. पाणी दोघांनाही पुरतं." तुझं अक्षर मीच गिरवून घेतलं होतं, ओळखायला वेळ लागला नाही. पत्र होतं तिथं ठेवलं आणि घरी आले. कोणाला बोलले नाही. कारण सांगितलं असतं तर या घरात बाबांचं नाव गेलंच होतं, तुझंही गेलं असतं. आणि मला वाटत होतं, तू सांगशील. मे महिन्यात सरळ विचारलंसुद्धा. तू मला मापाचं पत्र पाठवलंस.

तरी मी पाटावर हात ठेवला. का ठेवला ते मला अजून कळत नाही. तुला वाचवायला असेल, किंवा तुझ्याकडून पुढचं पत्र यावं म्हणून असेल. ते आलं. पण त्याआधी त्रेपन्न झाडं गेली आणि माझा हात सगळ्यांसमोर मोजला गेला.

मामाजींना पत्र लिहू नको. पत्रात तुझं तोंड दिसत नाही, तिथं तू नेहमीच हुशार असतोस. दिवाळीच्या पाडव्याला ये. दोन्ही घरं बसतील की नाही मला माहीत नाही, मी दोन्हीकडे पाया पडून बसवीन. तिथं तू तुझ्या तोंडानं सांग, जे मला लिहिलंस ते सगळं, टाळ्यांसकट. मी मधे बोलणार नाही.

यंदा राखी पाठवत नाही. बांधायला मन होईल तेव्हा बांधीन. आकडेही पाठवणार नाही.

वच्छला


खरगपूर
५ ऑगस्ट १९८६

ताई,

येतो.

गुणवंता


रामाकोना
२० नोव्हेंबर १९८६

गुणवंता,

पाडव्याला तू बोलून लगेच स्टेशनावर गेलास, आणि बोलताना तू मान वर केली नाहीस. म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहिते.

तू "दोघांनाही हा शब्द मी खोटा लिहिला" म्हणालास तेव्हा बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती त्यांनी उठेपर्यंत घातली नाही. भाऊजी विहिरीत पाहत होते. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला होता. तू टाळ्यांचं सांगितलंस तेव्हा मामाजींनी पहिल्यांदा तुझ्याकडे पाहिलं. त्याआधी ते काठीनं माती उकरत बसले होते.

तू गेल्यावर बाबा म्हणाले, "पोट्ट्यानं लिहिलं, पन बटन म्या दाबलं. मले वाचता येते, मले इचारताबी येत होतं. मी इचारलं नाई, काहून का मले पाहिजे होतं." माझ्या बापाला मी अशा आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांच्या जागी बसावंसं वाटलं.

मामाजी म्हणाले, "दोन वर्सं आंबिया कोनाचाच नाई. झाडं जगवू पह्यले. मोटर एकाआड एक दिस. मंग पाहू." एवढंच. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि बाबांनीही माफी मागितली नाही. जेवण झालं, पण वाढताना ताटं वेगवेगळ्या बाजूंना मांडली गेली. गुळाची वाटी मात्र एकच होती, ती फिरत राहिली.

उठताना भाऊजींनी विचारलं, रोज पाणी किती ते आता मोजून ठेवायला हवं, पट्टीचा दोर सौंसरहून आणू का? त्यावर मामाजींनी काठावरचा दोर उचलला. म्हणाले, "पट्टी कायले? सुनेच्या हातानं मोजा. दोन्ही घरी तेच माप." आणि दगड बांधलेला दोर त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला, बाबांच्या समोर. मी दोर टाकला. दोनदा मोजलं.

तुझं विचारशील. तुझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. माझंही मन अजून साफ नाही, खोटं कशाला लिहू. तू लाज वाटते असं लिहिलंस. ती तुझी तुझ्याजवळ राहू दे, मला वाटून देऊ नको. माझ्या वाट्याची मी पाटावर हात ठेवून भोगली आहे.

ते प्रकरण प्रबंधातून काढू नको. काढलंस तर कोणाला कळणार नाही. राहू दे, आणि पुढं काय झालं तेही लिही, त्रेपन्न झाडांचं आणि सोळा जूनचं. तुझ्या मागून येणारा कोणी हुशार मुलगा ते वाचील. दुसऱ्या खेळाडूला नाव दे. माझं दिलंस तरी चालेल.

स्वेटर आठवणीनं घाल.

आज सकाळी ओला दोर चोवीस हात. माझे.

वच्छला